दहा, आडवी रेघ, एक

ऑफिसात त्याला सगळे नऊशून्य म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं.

नवा माणूस कामाला लागला, की जुनी मंडळी त्याला धरून प्रूफरीडरच्या टेबलापाशी आणायची. “विचार याला, फुटबॉलच्या विश्वचषकात सगळ्यात मोठा विजय कुठला?” हा प्रूफावरची मान वर न करता म्हणायचा, “नऊ-शून्य. दोनदा. चोपन्न साली हंगेरीनं दक्षिण कोरियाला धुतलं, चौऱ्याहत्तर साली युगोस्लाव्हियानं झाईरला.” आणि एकदा गाडी सुरू झाली की झालं! चोपन्न सालीच ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड, सात-पाच, एका सामन्यात बारा गोल. अठ्ठावन्न साली फ्रान्सच्या एकट्या खेळाडूचे एका स्पर्धेत तेरा गोल, आणि पठ्ठ्याच्या पायात बूट दुसऱ्याचे. शहाऐंशी साली उरुग्वेचा एकजण छप्पन्नाव्या सेकंदाला मैदानाबाहेर, लाल कार्ड. विचारणाऱ्याचा चहा गार व्हायचा, पण हा काही थांबायचा नाही.

खरं तर तो थांबायचा एकाच ठिकाणी. ब्याऐंशी सालचा, हंगेरी आणि एल साल्व्हाडोरचा सामना त्यानं कुणाला कधी सांगितला नाही. पुढं तो पेपरात विक्रमांचं सदर लिहायला लागला, चांगली पंचवीस वर्षं लिहिलं, आणि दर चार वर्षांनी वाचकांची पत्रं यायची की महाशय, तुम्ही दहा-एक कसं काय विसरता? विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत दहा गोल करणारा तो एकच संघ! ही पत्रं तो घरी न्यायचा आणि फाडून टाकायचा. विसरला असता तर बरं झालं असतं बिचाऱ्याचं. दुसरं काही त्याच्या इतकं लक्षात नव्हतं.

आता हे समजायचं तर आधी त्याचे भावोजी समजायला हवेत.

आईबाप लहानपणीच गेले. मोठ्या बहिणीनं, ताईनं, त्याला वाढवलं. ताई लग्न करून गेली ती या भावाला बरोबर घेऊनच. नवऱ्यानं, म्हणजे भावोजींनी, हूं की चूं केलं नाही. उलट पहिल्या दिवशी म्हणाले, “चला मेहुणे, आजपासून माझ्या पोळीत तुझा वाटा आणि तुझ्या अभ्यासात माझा.” अभ्यासात त्यांनी काय दिवे लावले कोण जाणे, पण पोरगा शिकला. मग भावोजींनीच मालकाच्या हातापाया पडून त्याला आपल्या पेपराच्या छापखान्यात प्रूफरीडर म्हणून चिकटवला. पुढं तो वेगळ्या खोलीत राहायला गेला, पण रविवारचं जेवण ताईकडे, हा नेम काही मोडला नाही.

भावोजी कंपॉझिटर होते. म्हणजे शिशाचा एकेक खिळा, एकेक अक्षर, पेटीच्या खणातून उचलून ओळ जुळवणारे. समोर कॉपी, म्हणजे मूळ मजकुराचा कागद, टांगलेली, नजर कॉपीवर, आणि उजवा हात आपला आपण खणांत फिरतोय. हाताकडे ते बघायचेच नाहीत. लोक गंमत म्हणून त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचे आणि तळहातावर खिळा ठेवायचे. अंगठा एकदा फिरवला की ते अक्षर सांगायचे, आणि आकारही. अख्ख्या छापखान्यात त्यांच्या प्रूफावर, म्हणजे तपासायच्या कच्च्या छापावर, सगळ्यात कमी खुणा पडायच्या. त्या खुणा महिन्याच्या शेवटी मालक मोजायचा, म्हणून प्रत्येकाला आपल्या प्रूफाची धाकधूक असायची. भावोजींना नसायची.

प्रूफरीडरचे दोन नियम होते, भिंतीवर लिहिलेले नसले तरी. एक, प्रूफ जोडीनं वाचायचं. एकानं कॉपी धरायची, दुसऱ्यानं प्रूफ मोठ्यानं वाचायचं, तेही विरामचिन्हांसकट. स्वल्पविराम, पूर्णविराम, आडवी रेघ, सगळं तोंडानं म्हणायचं. बाहेरच्या माणसाला वाटायचं आत मंत्र चाललेत. आणि जे छापायचं ते डोक्यातलं नाही, कॉपीतलं. दुसरा नियम, प्रूफरीडरनं खिळ्याला हात लावायचा नाही. चूक दिसली तर खूण करायची, दुरुस्ती कंपॉझिटरच करेल.

नऊशून्यानं दोन्ही नियम एका सकाळी मोडले.

ब्याऐंशीचा विश्वचषक स्पेनमध्ये होता. तिकडचे सामने संपेपर्यंत इकडे पहाट व्हायची, बातमी तारेनं यायला सकाळ, आणि पेपर निघायचा दुपारी. त्यामुळे निकाल शेवटच्या घटकेला यायचे. त्या दिवशी जोडीनं वाचणाऱ्या बाई दाढ काढायला गेल्या होत्या, रजा. खेळाचं पान जवळजवळ बांधून झालं होतं, निकालांच्या चौकटीत तेवढी एक ओळ राहिली होती. उपसंपादकानं चिठ्ठी आणून दिली, भावोजींनी ओळ जुळवली, चौकटीचं प्रूफ काढून याच्या टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला मागच्या नळावर गेले. खालून मशीनवाला ओरडत होता, “पान सोडा, पान सोडा!”

यानं प्रूफ बघितलं. हंगेरी, एल साल्व्हाडोर, १०-१.

दहा? तो मनाशी हसला. विश्वचषकात दहा गोल कुणीही केलेले नव्हते. नऊच्या वर कुणी गेलं नव्हतं, हे तर पोराटोरांनाही माहीत होतं, निदान याच्या ऑफिसातल्या. दहा-एक हा निकालच नव्हे, हा हाताचा घोटाळा. एक-शून्य असणार आणि एक खिळा जास्तीचा पडला असणार. कॉपी, म्हणजे ती चिठ्ठी, हातभर अंतरावर तारेला टोचलेली होती. मान वळवली असती तरी दिसली असती. पण ज्याच्या डोक्यात सगळे विक्रम पाठ आहेत तो कशाला मान वळवतोय! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही.

आणि एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. त्यानं हे प्रेमापोटी केलं. त्याला वाटलं, खूण केली तर महिनाअखेर भावोजींच्या नावावर एक चूक लागेल. लागायला कशाला हवी? तो उठला, पानाजवळ गेला, चिमटा घेतला, शून्य आणि रेघ यांची अदलाबदल केली, शेवटचा एक उचलला आणि त्या जागी कोरा खिळा दाबला. उचललेला एक शर्टाच्या खिशात. प्रूफाची घडी, तीही खिशात. “सोडा पान!” म्हणून ओरडला. भावोजी हात पुसत आले तेव्हा पान खाली गेलं होतं. यानं त्यांच्याकडे बघून डोळा मारला. त्यांना काही कळलं नाही, तेही हसले.

दुपारी पेपर बाहेर पडला आणि तासाभरात फोन वाजायला लागले. रेडिओवर दहा-एक, दुसऱ्या पेपरांत दहा-एक, सगळ्या जगात दहा-एक, आणि आपल्याकडे एक-शून्य. हंगेरीच्या राखीव खेळाडूनं सात मिनिटांत तीन गोल मारले होते, आणि या पेपरात हंगेरी कशीबशी जिंकली होती. चौकातल्या पेपरवाल्यानं पाटी लावली, ‘हंगेरीचे नऊ गोल हरवले आहेत, सापडल्यास कळवावे’. मालकाच्या क्लबात मालकाची टोपी उडाली, आणि मालकाला आपली टोपी फार प्रिय होती.

संपादकांनी सगळ्यांना केबिनमध्ये उभं केलं. टेबलावर एका बाजूला कॉपी, एका बाजूला छापलेला पेपर.

“कॉपीत दहा-एक. पेपरात एक-शून्य. मधलं प्रूफ कुठंय?”

प्रूफ याच्या खिशात होतं. छातीला लागून. आणि तोंडातून निघालं, “सापडत नाही, साहेब.”

बस, तीन शब्द. त्यानंतर पुढची चाळीस वर्षं हा माणूस त्या तीन शब्दांत राहिला.

संपादक भावोजींकडे वळले. “तुम्ही काय जुळवलं होतं?”

भावोजींनी आधी पेपराकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. “मला तर वाटतंय साहेब, दहा-एकच जुळवलं. पण पानात एक-शून्य आलंय. म्हणजे हातच चुकला असणार.”

त्यांचा छापलेल्या अक्षरावर एवढा विश्वास, की स्वतःवरचा सोडून दिला.

फोटोच्या कागदावर अक्षरं उमटवणारी नवी यंत्रं यायचीच होती, सातातले तीन कंपॉझिटर कमी करायचे हे मालकानं आधीच ठरवलं होतं, निमित्त तेवढं हवं होतं. सुंठीवाचून खोकला गेला. पहिले भावोजी गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथंच मूग गिळून उभा.

त्या दिवशी संध्याकाळी तो ताईकडे गेला तो सांगायचंच ठरवून. प्रूफ खिशात, खिळा खिशात. ताईनं दार उघडलं, त्याचा पडलेला चेहरा बघितला आणि त्याच्याच पाठीवरून हात फिरवला. “तू नको वाईट वाटून घेऊस रे. तुझी नोकरी तरी राहिली. दोघांची गेली असती तर काय केलं असतं आपण?” आतून भावोजी म्हणाले, “मेहुण्याला चहा दे आधी.” तो चहा प्यायला. उद्या सांगू म्हणून घरी आला, आणि असे उद्या सरत गेले.

भावोजींना दोन छापखान्यांनी बोलावलं होतं. त्यांचा हात सगळ्यांना माहीत होता, एका चुकीनं कुणी एवढं धरून बसत नाही. पण ते गेले नाहीत. “हात गेला की कंपॉझिटर गेला,” म्हणाले. कापडाच्या एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागले. ताई घरी बसून शर्टांच्या कॉलरी शिवायला लागली. गोदामावरचे लोक भावोजींना एकशून्य म्हणायचे, कारण आपली गोष्ट त्यांनी स्वतःच सगळ्यांना हसत हसत सांगितली होती. “आमच्या घरात एक नऊशून्य आणि एक एकशून्य. फुटबॉलचं घराणं आहे आमचं!”

हसायचे, पण त्यांना एक खोड लागली. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं आणि पुन्हा ओढायचं. नळ, गॅस, दिव्याचं बटण, पत्रावरचा पत्ता. त्यांची मुलगी, म्हणजे याची भाची, शाळेत होती तेव्हा चिडवायची, “बाबा, कुलूप झोपलं आता, त्याला उठवू नका.” ताई म्हणायची, “असू दे गं. त्यांचा हातावरचा भरवसा उडालाय.” नऊशून्य तिथंच पाटावर बसून जेवत असायचा. रविवार होता ना.

त्यानं लग्न केलं नाही. एक स्थळ अगदी जमत आलं होतं, यानंच मोडलं. ताईच्या संसाराचं आपण असं केलं, आता आपला कुठल्या तोंडानं थाटायचा, असं त्याला वाटलं. ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, ताईनं पुढं दोन वर्षं त्याच्याशी त्यावरून भांडण केलं. कामात मात्र तो कमालीचा काटेकोर झाला. दोन हजार एक साली पात्रता फेरीत ऑस्ट्रेलियानं अमेरिकन सामोआवर एकतीस गोल केले, शून्याला. सगळे म्हणाले हा मुद्राराक्षसाचा प्रताप दिसतोय. हा कॉपी घेऊन बसला, तीनदा वाचली, बातमी पाठवणाऱ्यांना दोनदा फोन केला. तिकडे मैदानातल्या फळ्यावरसुद्धा आधी बत्तीस लागले होते म्हणे. एकतीसची खात्री झाली तेव्हाच त्यानं पान सोडलं. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. घरी येऊन तो न जेवताच आडवा झाला.

आणि जितकं वाचत गेला तितकं त्याला ते जास्त टोचत गेलं. एल साल्व्हाडोर त्याआधी सत्तर साली खेळून गेलं होतं, तेव्हा एकही गोल नाही. ब्याऐंशीनंतर आजवर ते परत आलेलं नाही. म्हणजे त्या देशाचा विश्वचषकातला एकुलता एक गोल तो. तो झाला तेव्हा त्यांचा खेळाडू आनंदानं धावत सुटला, तर त्याचेच सोबती म्हणाले, गप, हंगेरीवाले चिडतील. आणि तेवढा एक गोलसुद्धा यानं चिमट्यानं उचलून खिशात घातला.

चौदा साली जर्मनीनं ब्राझीलला त्यांच्याच घरात सात-एक हाणलं. पुढच्या रविवारी ताईकडे तोच विषय. भावोजी म्हणाले, “बरोबर छापलं ना रे तुमच्या पेपरात? नाहीतर कुणीतरी एकशून्य भेटायचा.” ताई हसली, भाची हसली. मग भावोजींनी पन्नास सालची गोष्ट काढली, त्यांना ती फार आवडायची. तसाच ब्राझील, तसंच घरचं मैदान, दोन लाखांच्या आसपास माणसं, अकरा मिनिटं उरलेली, आणि उरुग्वेचा चेंडू गोलकीपर आणि खांब यांच्या मधून आत. “बिचाऱ्या गोलकीपरला मरेपर्यंत माफी मिळाली नाही. एक चेंडू रे! माझं बरं, माझ्यावर फक्त एक ऑफिस रागावलं.” असं म्हणून त्यांनी याच्या ताटात आणखी वाढलं. त्या घासाला त्याला मरण आलं असतं तर त्यानं आनंदानं घेतलं असतं.

यंदा ताई गेली. दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. हृदय दुबळंच होतं, तीन वर्षं गोळ्या चालू होत्या. डॉक्टर म्हणाले, “वेळ आली होती, कुणाचा दोष नाही.”

तीन आठवड्यांनी भाची याच्या खोलीवर आली. चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

“मामा, बाबा जेवत नाहीयेत. स्वतःच्या गोळ्या घेत नाहीयेत. डबीला हातच लावत नाहीत. मी रोज दोनदा येऊन तोंडात घालते, तर तोंड मिटून घेतात. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर महिनासुद्धा काढणार नाहीत.”

“पण का?”

“आईची डबी तेच भरायचे ना. सात खण, सकाळ-संध्याकाळ. आता म्हणतात, माझ्या हातून गोळी चुकली असणार. सकाळची संध्याकाळी पडली असेल. मी म्हटलं, बाबा, तुम्ही चारचारदा मोजायचात. तर म्हणतात,” इथं तिचा आवाज फुटला, “म्हणतात, हा हात चुकतो हे सगळ्या गावानं पेपरात वाचलंय. खिळा चुकवला तशी गोळी चुकवली. मी मारलं तिला. मामा, मी हरले रे. तुझं ऐकतील ते, तूच सांग काहीतरी.”

नऊशून्य खुर्चीत बसला. त्याला वाटत होतं की आपण एका माणसाची नोकरी खाल्ली. नोकरी कसली, माणूसच खाल्ला होता, आणि अजून खात होतो.

“उद्या येतो,” तो म्हणाला. मग उद्या हा शब्द ऐकून स्वतःच दचकला. “नाही. आत्ता येतो.”

कपाटात विक्रमांच्या वह्या होत्या, एकतीस. सगळ्यात खालच्या वहीच्या पुठ्ठ्यात एक पाकीट. ते त्यानं खिशात घातलं. भावोजींच्या जिन्याशी पोचल्यावर भाचीला म्हणाला, “तू थोडा वेळ बाहेर थांब, मला एकट्याला बोलू दे.”

भावोजी खिडकीपाशी बसले होते. दाढी वाढलेली, शर्टाची कॉलर सैल झालेली. शेजारच्या स्टुलावर सात खणांची डबी, झाकणं उघडी, आत काही नाही. कपाटावर ताईचा फोटो.

“काय मेहुणे? आज रविवार नाही.”

“हात पुढं करा, भावोजी.”

“कशाला?”

“करा तर.”

त्यांनी डावा पुढं केला. “उजवा,” हा म्हणाला. त्यांनी नाइलाजानं उजवा केला, आणि यानं त्यावर तो खिळा ठेवला. अंगठा आपला आपण वळला आणि खिळ्याच्या तोंडावरून एकदा फिरला. त्यांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत.

“एक,” ते म्हणाले. “बारा पॉइंट. आपल्याकडचाच दिसतोय. कुठं मिळाला तुला?”

“पानातून काढला होता. ब्याऐंशी साली. हंगेरीच्या ओळीतला शेवटचा एक आहे तो.”

आणि मग त्यानं सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. बाईंची दाढ, तारेला टोचलेली कॉपी, चिमटा, मारलेला डोळा, सापडत नाही साहेब. तो बोलत होता आणि भावोजी खिळा बोटांत फिरवत होते. शेवटी यानं पाकिटातून प्रूफ काढलं. पिवळं पडलेलं, घड्यांवर फाटून चिकटपट्टी लावलेलं. भावोजींनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला. बराच वेळ धरला.

“मी दहा-एक जुळवलं होतं.”

“हो.”

“हात चुकला नव्हता.”

“नाही, भावोजी. तेव्हाही नाही आणि ताईच्या गोळ्यांतही नाही. तुमचा हात कधी चुकलाच नाही.”

“ताईच्या गोळ्यांचं तू नको बोलूस.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिचा पीं पीं आवाज येत राहिला.

“हिला माहीत होतं?” भावोजींनी फोटोकडे मान केली.

“नाही.”

“शेवटपर्यंत?”

“नाही सांगितलं.”

“ती जगभर सांगत फिरायची रे. आमच्या यांच्याकडून एक चूक झाली, पण माणूस चांगला आहे. भांडायची माझ्यासाठी लोकांशी.” त्यांनी चष्मा काढला. “भांडायचं काही कारणच नव्हतं.”

मग त्यांनी प्रूफ याच्या हातात परत दिलं.

“वाच.”

“काय?”

“जोडीनं वाचायचं असतं ना प्रूफ? त्या दिवशी राहिलं. आता वाच. माझ्याकडे नको, तिच्याकडे तोंड कर.”

तो उठला. कपाटासमोर उभा राहिला आणि ज्या ताईनं त्याला अक्षरं शिकवली होती तिच्यासमोर वाचायला लागला. “विश्वचषक, दोन टिंबं, कालचे निकाल, पूर्णविराम. पेरू, कॅमेरून, शून्य, आडवी रेघ, शून्य, पूर्णविराम. स्कॉटलंड, न्यूझीलंड, पाच, आडवी रेघ, दोन, पूर्णविराम. हंगेरी, एल साल्व्हाडोर…” इथं त्याला पुढं जाता येईना. रडणं त्याला कधी जमलं नव्हतं, आज ते आवरेना. भावोजींनी खिळा मुठीत आवळला.

“दहा,” तो म्हणाला. “आडवी रेघ. एक.”

“पूर्णविराम राहिला.”

“पूर्णविराम.”

“आता जा तू,” भावोजी म्हणाले. खिळा त्यांच्या मुठीत होता. प्रूफासाठी त्यांनी हात पुढं केला, यानं दिलं, आणि जिना उतरला. दारात भाची होती, तिच्याकडे बघायची त्याला हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

“मामा, बाबा जेवले. थोडंच, पण जेवले. आणि डबी भरली त्यांनी. स्वतःच्या हातानं, सातही खण. एकदाच भरली आणि झाकणं लावून टाकली. मी बघतच राहिले, परत मोजलंच नाही रे त्यांनी.”

त्याला एकदम हलकं वाटलं. “आणि काही म्हणाले?”

तिला सगळं कळलं होतं, ते तिच्या आवाजावरून त्याला समजलं.

“म्हणाले, मामाला सांग, रविवारी येऊ नको.”

“या रविवारी?”

“तेवढंच म्हणाले.”

रविवारी सकाळी सवयीनं त्यानं दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, चपला पायात सरकवल्या आणि कुलूप हातात घेतलं. मग आठवलं. कुलूप कोयंड्यालाच अडकवून तो परत येऊन खुर्चीत बसला, आणि चपला तशाच पायात राहिल्या.